पाऊस १०८ टक्के, पण कुणाचा? सरासरीमागचा पसारा डेटाबेसला कसा विचारायचा

३० सप्टेंबर २०२५ ला बहुतेकांच्या फोनवर एकच नोटिफिकेशन वाजलं असेल. मान्सूनचा हंगाम संपला, देशात दीर्घकालीन सरासरीच्या १०८ टक्के पाऊस. वाचलं, बोटाने बाजूला सारलं, विषय संपला. गंमत म्हणजे २०२४ मध्येही हाच आकडा होता, १०८ टक्के. म्हणजे दोन्ही पावसाळे सारखेच म्हणायचे का? धाराशिव, बीड किंवा सोलापूरकडचा एखादा मित्र असेल तर त्याला विचारून बघा. सप्टेंबरमध्ये तिकडे शेतातली माती पिकासकट वाहून गेली आणि ७ ऑक्टोबरला राज्य सरकारला ३१,६२८ कोटींचं मदत पॅकेज जाहीर करावं लागलं. १०८ हा आकडा खोटा नाही. फक्त तो एकटा पुरत नाही.

हे डोक्यात घुसलं ते कासारसाईला. हिंजवडीच्या आयटी पार्कमधून निघालं की काही किलोमीटरवर हे धरण. पावसाळ्यात रविवारी आमच्यासारखे निम्मे इंजिनिअर तिथेच सापडतात. यंदाच्या जुलैमधल्या एका रविवारी ॲप म्हणत होतं ‘हलका पाऊस, २ मिमी’. धरणाच्या कडेला आम्ही नखशिखांत भिजलो, आणि फेज वनमधला मित्र फोनवर सांगत होता की इकडे रस्ता कोरडा आहे. दोघांच्या ॲपवर गाव एकच, ‘हिंजवडी’, आणि पाऊसही एकच, २ मिमी. कणीस भाजणाऱ्या मावशी हसून म्हणाल्या, “तुमचा पाऊस फोनातच पडतोय का रे पोरांनो?”

ॲपचं फारसं चुकलं नव्हतं. ॲप काही किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनासाठी एकच आकडा दाखवतं. त्या चौकोनाच्या आत काय चाललंय, एका टोकाला धो धो आणि दुसऱ्या टोकाला कोरडं, हे त्या आकड्यात मावत नाही. हे जे मावत नाही त्याला संख्याशास्त्रात नाव आहे: व्हेरिअन्स. पाठ्यपुस्तकात विचरण म्हणतात. मी या लेखात त्याला पसारा म्हणणार आहे, कारण ते तेच आहे. आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप.

आधी दोन वर्षं समोर ठेवू

हवामान विभाग दर महिन्याचा पाऊस त्या महिन्याच्या दीर्घकालीन सरासरीच्या टक्क्यांत देतो. देशाचे दोन हंगाम घेऊ.

२०१९: जून ६७, जुलै १०५, ऑगस्ट ११५, सप्टेंबर १५२.
२०२०: जून ११८, जुलै ९०, ऑगस्ट १२७, सप्टेंबर १०४.

आता फोनचा कॅल्क्युलेटर काढा. पहिल्या ओळीची बेरीज ४३९. दुसऱ्या ओळीची बेरीजही ४३९. चारने भागा, दोन्हीकडे १०९.७५. मी हे मुद्दाम जुळवलेले आकडे नाहीत. आयते मिळाले तेव्हा मलाही आश्चर्य वाटलं.

सरासरी अगदी दशांशापर्यंत सारखी. पण २०१९ चा जून आठवा. एक तृतीयांश पाऊस गायब, पेरण्या लांबलेल्या, आणि सप्टेंबरमध्ये दीडपट पाऊस, म्हणजे नेमकं खरिपाचं पीक काढणीकडे झुकताना. २०२० मध्ये असे टोकाचे हेलकावे नव्हते. शेतकऱ्यासाठी ही दोन वेगळी वर्षं आहेत आणि नोटिफिकेशनसाठी एकच.

पसारा काढायची रीत शाळेतलीच. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढा, त्याचा वर्ग करा (म्हणजे उणे चिन्ह जातं आणि लांबचे आकडे जास्त बोलतात), आणि त्या वर्गांची सरासरी घ्या. २०१९ साठी उत्तर येतं ९१५.६९, २०२० साठी १९७.१९. साडेचार पटींहून जास्त फरक. वर्गमूळ घेतलं की पुन्हा टक्क्यांच्या भाषेत येतो: २०१९ मध्ये महिने सरासरीपासून साधारण ३० टक्क्यांनी हलत होते, २०२० मध्ये १४ टक्क्यांनी. या वर्गमूळाला प्रमाण विचलन म्हणतात.

(बारकाईने वाचणाऱ्यांसाठी: हवामान विभागाचा पूर्ण हंगामाचा आकडा २०१९ साठी ११० आणि २०२० साठी १०९ होता. चार टक्केवाऱ्यांची साधी सरासरी म्हणजे हंगामाची टक्केवारी नव्हे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये मुळात पाऊस जास्त पडतो आणि त्यांचं वजन जास्त असतं. सरासऱ्यांची सरासरी काढणं हा डेटाबेसमधला सगळ्यात जुना घोटाळा आहे. मी इथे फक्त पसारा दाखवायला तो जाणूनबुजून केलाय.)

डेटाबेसला हे एका ओळीत विचारता येतं

चार आकड्यांना कॅल्क्युलेटर पुरतो. पण महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, साधारण प्रत्येक महसूल मंडळाला एक, आणि ती दिवसभर नोंदी पाठवत राहतात. तिथे आकडे रिलेशनल डेटाबेसमध्ये जातात. म्हणजे टेबल, ओळी आणि रकाने. मग एसक्यूएल भाषेत प्रश्न विचारायचा.

एसक्यूएलमध्ये काही फंक्शन अशी असतात जी अनेक ओळी खाऊन एकच उत्तर देतात. त्यांना ॲग्रिगेट फंक्शन म्हणतात. सम म्हणजे बेरीज, काउंट म्हणजे मोजणी, मॅक्स-मिन म्हणजे सर्वांत मोठं-लहान, एव्हीजी म्हणजे सरासरी. ही पाच सगळ्यांना माहीत असतात. त्याच पंगतीत व्हेरिअन्स बसलेला असतो, पण त्याला कुणी वाढत नाही. डॅशबोर्ड बनवणारा एव्हीजी लिहितो आणि घरी जातो. मीही बरीच वर्षं तेच केलंय.

२००३ च्या एसक्यूएल मानकात यासाठी दोन फंक्शन आहेत: व्हार-पॉप आणि व्हार-सॅम्प. फरक एवढाच की वर्गांच्या बेरजेला पहिलं नोंदींच्या संख्येने भागतं, दुसरं त्या संख्येतून एक वजा करून भागतं. सगळी माहिती हातात असेल, जसे हंगामाचे चारही महिने, तर पॉप. मोठ्या गोष्टीतला थोडाच नमुना हातात असेल, जसं एका तालुक्यातली चार-पाच पर्जन्यमापकं, तर सॅम्प. नमुन्याचा पसारा आपण त्याच नमुन्याच्या सरासरीपासून मोजतो, त्यामुळे तो खऱ्यापेक्षा जरा आवळलेला दिसतो. एक वजा केल्याने ते भरून निघतं.

इथपर्यंत ठीक. आता खड्डा. नुसतं ‘व्हेरिअन्स’ या नावाचं फंक्शनही बऱ्याच डेटाबेसमध्ये आहे, आणि त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावलाय. मायएसक्यूएलमध्ये व्हेरिअन्स म्हणजे व्हार-पॉप. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये व्हेरिअन्स म्हणजे व्हार-सॅम्प. २०१९ चे तेच चार आकडे, तीच ओळ, आणि एकीकडे ९१५.६९, दुसरीकडे १२२०.९२. एररही येत नाही, इशाराही नाही. कंपनीने एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर उडी मारली की रात्रीतून सगळे पसारे वाढतात आणि सकाळी मीटिंगमध्ये ‘हवामान बदलतंय’ अशी चर्चा होते. मोठ्या डेटात संख्येतून एक वजा केल्याने फारसं बिघडत नाही, चार-पाच नोंदींच्या गटात खूप बिघडतं. म्हणून नेहमी पूर्ण नाव लिहा. पॉप किंवा सॅम्प, मोघम काही नको.

तुमच्या खिशातल्या डेटाबेसला हे येतच नाही

अँड्रॉइड असो की आयफोन, फोनमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतोच. अँड्रॉइडवर तुमचे व्हॉट्सॲप मेसेज अशाच फाइलमध्ये साठतात. पावसाच्या नोंदी फोनवर ठेवणारं एखादं ॲप तुम्ही बनवायला घेतलंत तर बहुधा हाच वापराल. आणि मूळ एसक्यूलाइटमध्ये व्हेरिअन्स फंक्शन नाही. बेरीज आहे, मोजणी आहे, सरासरी आहे. पसारा हाताने काढायचा.

इंटरनेटवर लगेच एक सुटसुटीत सूत्र मिळतं: वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग. गणितात ते शंभर टक्के बरोबर आहे. २०१९ साठी चार आकड्यांच्या वर्गांची बेरीज ५१,८४३, भागिले चार म्हणजे १२,९६०.७५. सरासरीचा वर्ग १२,०४५.०६. वजाबाकी ९१५.६९. जमलं.

पण आता तेच एव्हीजी न वापरता ‘सम भागिले काउंट’ असं लिहा, रकान्यात पूर्णांक असताना. एसक्यूलाइट पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश कापून टाकतो. सरासरी १०९.७५ ऐवजी १०९ होते, वर्गांची सरासरी १२,९६० होते, आणि उत्तर येतं १०७९. चूक छोटी, आकडा विश्वासार्ह दिसणारा. असल्या चुका सापडत नाहीत, कारण शोधायला कुणी जात नाही.

याहून वाईट प्रकार मोठ्या आकड्यांत होतो. धरणाची पाणीपातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये देतात. समजा तीन दिवसांच्या नोंदी ६००.०१, ६००.०२ आणि ६००.०३ आहेत. रोज एक सेंटिमीटर वाढ, पसारा छोटा पण आहे. आता कुणी जागा वाचवायला तो रकाना चार बाइटचा ठेवला आणि पुढचा हिशेबही तेवढ्याच जागेत केला, तर त्यात साधारण सातच आकडे नीट राहतात. वर्ग केले की ३,६०,०१२.०, ३,६०,०२४.० आणि ३,६०,०३६.०. सरासरी ३,६०,०२४.०. सरासरीचा वर्गही ३,६०,०२४.०. वजाबाकी शून्य. डेटाबेस छातीठोकपणे सांगतो की पाणी हललंच नाही. दोन जवळजवळ सारख्या प्रचंड संख्या एकमेकींतून वजा केल्या की उरतो तो गाळ, आणि आपली सगळी माहिती त्या गाळातच असते.

एसक्यूलाइट आठ बाइट वापरतो, त्यामुळे पाणीपातळीत हे होणार नाही. पण अँड्रॉइड ॲपमध्ये वेळ बहुतेकदा १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत साठवतात, म्हणजे आज तेरा आकडी संख्या. तिचा वर्ग पंचवीस आकडी. तिथे आठ बाइटही पुरत नाहीत. एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये शेजारच्या दोन संख्यांतलं अंतरच ५३ कोटींहून जास्त असतं. पर्जन्यमापकाच्या नोंदी काही सेकंदांनी मागेपुढे येतायत का हे बघायला गेलात, तर उत्तर शून्य येईल, नाहीतर कोट्यवधीत येईल. उणेही येऊ शकतं. वर्गांची सरासरी आहे ती, उणे कशी येईल? येते. आणि त्याचं वर्गमूळ मागितलं की एसक्यूलाइट गुपचूप रिकामी जागा परत देतो.

उपाय सोपा आहे. पसारा मोजण्यापूर्वी सगळ्या नोंदींतून एकच ठरावीक संख्या वजा करा, उदाहरणार्थ पहिली नोंद. सगळे आकडे सारखेच सरकले तर पसारा बदलत नाही, पण संख्या लहान होतात. नाहीतर दोन फेऱ्या मारा: आधी सरासरी काढा, मग प्रत्येक ओळ आणि ती सरासरी यांच्या फरकाचे वर्ग घ्या. वेलफर्ड नावाच्या गृहस्थांनी १९६२ मध्ये एकाच फेरीत हे नीट करायची युक्ती मांडली होती. तरी पोस्टग्रेसक्यूएलसारख्या मुरलेल्या डेटाबेसनेही आपल्या व्हेरिअन्सची अचूकता सुधारली ती २०१९ मध्ये, बाराव्या आवृत्तीत. तेव्हा आपल्याकडून चूक झाली तर फार लाजायला नको.

शून्य पाऊस आणि ‘माहीत नाही’

आता गणितातून बाहेर येऊ, कारण खरा घोळ नोंदीत असतो. जोराच्या पावसात पर्जन्यमापक बंद पडलं. त्या दिवशीच्या रकान्यात काय लिहायचं? ‘नल’, म्हणजे माहीत नाही? की ०, म्हणजे पाऊस नाही?

पाच दिवस घ्या. चार दिवस प्रत्येकी १० मिमी, पाचव्या दिवशी यंत्र बंद. नल लिहिलं तर ॲग्रिगेट फंक्शन ती ओळ सोडून देतात: सरासरी १०, पसारा ०. शून्य लिहिलं तर सरासरी ८, पसारा १६. दोन्ही उत्तरं एकाच आठवड्याची. आणि हाताने सूत्र लिहिताना सगळ्या ओळी मोजणारा काउंट वापरलात तर नल लिहूनही शून्य लिहिल्याचंच उत्तर मिळू शकतं, कारण तो नल असलेली ओळसुद्धा मोजतो. रकान्याचं नाव देऊन मोजलं तरच नल वगळले जातात.

हा किस पाडण्यात अर्थ आहे का? आहे. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीच्या ६४ टक्के. राज्यात कित्येक महसूल मंडळांत सलग २१ दिवसांहून जास्त खंड पडला, आणि त्यावरून पीकविम्याची २५ टक्के आगाऊ भरपाई द्यायची की नाही यावर जिल्ह्याजिल्ह्यांत वाद झाले. खंड पडला की नाही हे ठरतं मंडळातल्या केंद्राच्या रोजच्या नोंदीवर. तिथे शून्य आणि नल यांतला फरक म्हणजे कुणाच्या तरी खात्यात पैसे येणं किंवा न येणं.

मे महिना गेला कुठे?

सप्टेंबरच्या त्या १०८ टक्क्यांत अजून एक गोष्ट नाही. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईसाठी नोंदींमधला हा सर्वांत लवकरचा दिवस. त्याच सुमारास बारामती, इंदापूर, दौंड भागात इतका पाऊस झाला की एनडीआरएफची पथकं पाठवावी लागली. तो पाऊस हंगामाच्या आकड्यात धरलेला नाही. हंगाम म्हणजे १ जून ते ३० सप्टेंबर, अशी व्याख्याच आहे. एसक्यूएलच्या भाषेत, ‘व्हेअर’ची अट आधी लागते आणि ॲग्रिगेट नंतर. अटीत जे बसलं नाही ते सरासरीतही नाही आणि पसाऱ्यातही नाही. व्याख्या चुकीची आहे असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षांची तुलना करायला ती लागतेच. पण चाळीत भिजलेला कांदा व्हेअर क्लॉज वाचत नाही.

अजून एक बघा. बारामती, इंदापूर आणि दौंड हे तिन्ही तालुके ३१ ऑक्टोबर २०२३ ला जाहीर झालेल्या ४० दुष्काळी तालुक्यांच्या यादीत होते. दीड वर्षात दुष्काळ ते पूर.

माझाच आवडता आकडा तोंडावर पडला

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मला वाटलं होतं की २०२५ चा पसारा प्रचंड निघणार आणि मी तो ठोकून मांडणार. आकडे टाकले. २०२४: ८९, १०९, ११५, ११२. पसारा १०३.६९. २०२५: १०९, १०५, १०५, ११५. पसारा १६.७५.

२०१९ पासूनच्या ज्या वर्षांचे आकडे मी तपासले त्यांत २०२५ सगळ्यात शांत! ज्या वर्षी मराठवाडा पाण्याखाली गेला ते वर्ष व्हेरिअन्सच्या हिशेबाने सर्वांत समजूतदार. थोडा वेळ मी स्क्रीनकडे बघत बसलो.

फंक्शन बरोबर होतं, प्रश्न चुकीचा होता. देशाचा महिन्याचा आकडा ही आधीच हजारो केंद्रांची आणि तीस दिवसांची सरासरी आहे. त्या सरासरीने पसारा आधीच गिळलेला आहे, आणि मी गिळून झाल्यावर ताटात काय उरलंय ते मोजत होतो. एकदा एव्हीजी करून फक्त ते उत्तर साठवलं की आतला पसारा कुठल्याही फंक्शनने परत मिळत नाही.

म्हणून ‘ग्रुप बाय’ महत्त्वाचं. एकूण पसारा दोन भागांचा असतो: गटांच्या आतला आणि गटागटांमधला. देशाच्या पातळीवर महिने शांत दिसत असताना जिल्ह्यांमधला पसारा आभाळाएवढा असू शकतो. आपल्या घराजवळचं उदाहरण घ्या. २५ जुलै २०२४, सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं तो दिवस. ताम्हिणीत २४ तासांत साडेपाचशे मिमीहून जास्त पाऊस नोंदवला गेला, शिवाजीनगरला ११४ मिमी. दोन्ही पुणे जिल्हाच. सरासरी काढली तर सव्वातीनशेच्या पुढे जाते, आणि एवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडलाच नव्हता. कासारसाई या दोन टोकांच्या मधे कुठेतरी येतं. एका बाजूला मुळशी-मावळच्या घाटमाथ्याचा पाऊस, दुसऱ्या बाजूला पिंपरी-चिंचवडचं तुलनेने कोरडं पठार. अशा मधल्या गावांसाठी सरासरी सगळ्यात जास्त फसवी, कारण दहा किलोमीटरवर चित्र बदलतं.

सरासरीवर पैसे ठरणं या भागाला नवीन नाही. कासारसाई-दारुंब्रेला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. कुठल्याही कारखान्यात उसाचा एफआरपी हा पूर्ण कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरतो. तुमच्या उसात साखर जास्त असली तरी भाव सगळ्यांना एकच. तिथे निदान सगळा ऊस खरोखर एकाच गव्हाणीत पडतो. पावसाचं तसं नाही. पीकविम्यातही मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पन्नावर भरपाई ठरते. तुमचं शेत साफ वाहून गेलं आणि मंडळाचं सरासरी उत्पन्न बरं निघालं, तर हातात काही नाही.

एकाच ओळीचा पसारा किती?

आता शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. एका महसूल मंडळात बरीच गावं येतात आणि हवामान केंद्र साधारण एक. एका दिवसासाठी मंडळाच्या आतला पावसाचा पसारा डेटाबेसला विचारला तर काय मिळेल? मंडळानुसार गट केले की प्रत्येक गटात एकच ओळ.

व्हार-सॅम्प सांगतं: नल. माहीत नाही. एका नोंदीवरून पसारा सांगता येत नाही.

व्हार-पॉप सांगतं: ०. म्हणजे पूर्ण मंडळात तंतोतंत सारखा पाऊस पडला. मायएसक्यूएलमध्ये नुसतं व्हेरिअन्स लिहिलंत तरी हेच शून्य मिळेल, आणि ओरॅकलसुद्धा एकाच ओळीसाठी व्हेरिअन्स शून्यच देतो.

हिशेब दोघांचाही नियमाप्रमाणेच. पण आपली व्यवस्था गेली कित्येक वर्षं यातलं दुसरं उत्तर धरून चाललीय. २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि मंडळातलं केंद्र ६४ दाखवत असेल तर पाच-सहा किलोमीटरवर ओढ्याकाठच्या शेतकऱ्याने कंबरेएवढं पाणी बघितलं असलं तरी कागदावर मंडळात अतिवृष्टी नाही. मग पंचनाम्यासाठी अर्ज, फोटो, हेलपाटे. कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नसतं. जिथे नल लिहायला हवं होतं तिथे शून्य समजलं गेलंय, इतकंच. मला यात तंत्रज्ञानाचा दोष दिसत नाही. नल हे उत्तर फाइलवर लिहायची आपल्याकडे सवय नाही.

यावर उपाय एकच, गटात जास्त ओळी. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये ‘विंड्स’ नावाची योजना आणली, तिचा गाभा हाच आहे: तालुक्याला स्वयंचलित हवामान केंद्र आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वयंचलित पर्जन्यमापक. ते झालं तर मंडळामागे एकाच्या जागी अनेक नोंदी येतील आणि व्हार-सॅम्प पहिल्यांदाच नल सोडून काहीतरी बोलेल. पण त्या नोंदी आल्यावर वरच्या पातळीवर पुन्हा एकच एव्हीजी काढून बाकी फेकून दिलं, तर यंत्रांचा खर्च वाया. माझी मागणी साधी आहे. संकेतस्थळावर जिथे मंडळाचा सरासरी पाऊस दाखवतात, तिथे शेजारी तीन रकाने वाढवा: किती पर्जन्यमापकांची नोंद आली, किती नल होती, आणि व्हार-सॅम्पचं वर्गमूळ. डेटाबेससाठी हे एका ओळीचं काम आहे.

तोवर घरच्या घरी करून बघायचं असेल तर एसक्यूलाइटचं कुठलंही मोफत ॲप फोनवर घ्या. तीन रकान्यांचं टेबल करा: तारीख, ठिकाण, पाऊस. सरळ कडांचा डबा आणि मोजपट्टी एवढंच पर्जन्यमापक पुरतं. मोकळ्या जागी ठेवायचं, झाडाखाली किंवा पत्र्याच्या कडेला नाही, आणि रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो. ज्या दिवशी मोजायला विसराल त्या दिवशी रकाना रिकामा ठेवा, शून्य लिहू नका. पुढच्या जूनपासून आमच्या ग्रुपमधले पाच जण हे करणार आहोत, हिंजवडी फेज वनपासून कासारसाईपर्यंत. त्यातला एक डबा मावशींच्या गाडीमागे ठेवायचं ठरलंय. त्यांची अट एकच, रविवारी येऊन आकडा आम्हीच लिहायचा.